कोरड्या बाथरूममधला क्रिएटर

२ मार्च, सोमवार. सकाळी, चहाच्या आधी.

आजपासून मी क्रिएटर.

निर्णय तडकाफडकी घेतलेला नाही. काल साडूकडे जेवायला गेलो होतो. साडूने बाल्कनीत कुंड्यांमधून टोमॅटो लावलेत आणि त्यांचे व्हिडिओ तो इंटरनेटवर टाकतो. बारा हजार लोक बघतात. बघतात म्हणजे नुसते टोमॅटो बघतात, त्यात दुसरं काही घडत नाही. जेवताना सगळं बोलणं टोमॅटोंभोवती. मेव्हणी नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. ते ठीक. पण माझी बायकोही बघत होती. मी मध्येच फरशांच्या नव्या डिझाइन्सचा विषय काढला, तर तिने मला सॅलड वाढलं.

माझ्यात काय कमी आहे? फरशा आणि बाथरूम फिटिंगच्या शोरूममध्ये सीनियर सेल्समन आहे. आवाज भारदस्त. समोरच्याला ऐकायचं असो वा नसो, अर्धा तास सहज बोलू शकतो. एका गृहस्थाला, जे फक्त पत्ता विचारायला आत आले होते, मी वॉशबेसिन विकलेलं आहे.

संकल्प: रोज एक व्हिडिओ. टोमॅटोपेक्षा मोठा विषय हवा होता. म्हणून विषय: जीवन.

३ मार्च, मंगळवार.

आज अभ्यास. यशस्वी लोक काय करतात ते बघितलं. जेवणाच्या सुट्टीत सुरू केलं, ते सुट्टी संपल्यावरही चालू राहिलं. मॅनेजरबाईंनी दोनदा हाक मारली म्हणे. संध्याकाळी घरी येऊन पुढचा अभ्यास. एका माणसाने मळकट गालिचा साबणाने धुतला, तो शेवटपर्यंत बघितला. मग त्याने दुसरा धुतला, तोही बघितला. का बघितला ते सांगता येत नाही, पण तंत्र लक्षात आलं.

बायको म्हणते, याला लोळणं म्हणतात. मी सोफ्यावर आडवा होतो हे खरं आहे. पण सरळ बसूनच अभ्यास होतो असं कुठे आहे?

५ मार्च, गुरुवार.

जागा सापडली. रोज डोळ्यांसमोर होती आणि दिसली नव्हती.

आमच्या शोरूममध्ये सात नमुना-बाथरूम आहेत. नळ, शॉवर, टब, आरसे, सगळं झगझगीत. पाणी मात्र थेंबभर नाही. पाइप भिंतीच्या आत जाऊन संपतात. गिऱ्हाईक नळ फिरवतं, मी तोंडाने वर्णन करतो. तिथे आवाज असा घुमतो की साधं ‘नमस्कार’ म्हटलं तरी कुणीतरी थोर माणूस आल्यासारखं वाटतं. किल्ल्या माझ्याकडेच असतात. शोरूम उघडायच्या आधी तासभर जाऊन काम करता येईल.

चार नंबरचं बाथरूम निवडलं. करडा संगमरवरी लुक. विचारी वाटतं.

पहिला व्हिडिओ केला: ‘जीवन म्हणजे काय? भाग पहिला’. एका दमात. मधे कुठेही अडखळलो नाही, कारण मधे कुठेही थांबलो नाही.

८ मार्च, रविवार.

‘जीवन’ चौदा वेळा बघितलं गेलं.

विश्लेषण केलं. नऊ वेळा मी स्वतः, दर्जा तपासायला. चार वेळा सासूबाईंच्या फोनवरून. त्यांना मीच लावून दिला होता. त्यांना डुलकी लागली आणि तो आपोआप पुन्हा पुन्हा लागत राहिला. उरला एक. हा एक कोण, माहीत नाही. त्याने नापसंतीचं बटण दाबलंय. म्हणजे विचार करून बघितला असणार.

सासूबाईंचं नोंदवून ठेवतो. सासरे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या आमच्याकडे असतात. दिवसभर खिडकीपाशी बसून फोन बघतात. काय बघता विचारलं तर ‘हेच आपलं’ म्हणतात. एकूण बोलणं तेवढंच. सामान्य प्रेक्षक कसा असतो हे समजायला घरात एक नमुना आहे, ही माझ्या दृष्टीने सोय.

११ मार्च, बुधवार.

मोठा शोध.

व्हिडिओ करायला वेळ लागतो. पण लोकांनी आधीच इतके करून ठेवलेत की नव्याने करण्यात काही हशील नाही. इंटरनेट हा सार्वजनिक नळ आहे. ज्याला तहान लागली त्याने ओंजळ धरावी.

आज एक मांजर घेतली. पियानोवर चढून बसते, आणि एका बाईंनी सूर वाजवला की तीही पंजाने एक सूर दाबते. मूळ व्हिडिओत बाकी काहीच नाही, संदेशही नाही. मी त्यात प्राण ओतले. ‘मित्रांनो, ही मांजर आपल्याला काय शिकवते?’ असा माझ्या आवाजात प्रश्न घातला. चित्र डावं-उजवं उलटं केलं, म्हणजे नवा दृष्टिकोन. कोपऱ्यात भलतंच कुणाचंतरी नाव येत होतं, त्यावर माझा हसरा चेहरा चिकटवला. हे सोपं काम नाही. नाव हलत होतं, त्यामागे चेहरा हलवावा लागला.

कन्येने बघितलं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, ही चोरी आहे. मी तिला चोरी आणि प्रेरणा यांतला फरक शांतपणे समजावला. तिने विचारलं, मालकाला विचारलंस का? मी म्हटलं, मालक कोण हे कसं कळणार, नाव झाकलेलं आहे. तिने विचारलं, ते झाकलं कोणी?

या पिढीशी चर्चा होऊ शकत नाही.

१२ मार्च, गुरुवार.

कायद्याची बाजू पक्की केली. आता प्रत्येक व्हिडिओखाली ओळ टाकणार: ‘सर्व हक्क ज्याचे त्याचे.’ माझी स्वतःची रचना आहे. वकिलाने लिहिल्यासारखी वाटते.

कन्येचं म्हणणं, हे म्हणजे शेजाऱ्याची स्कूटर काढायची आणि मागे पाटी लावायची की ही स्कूटर माझी नाही. मी म्हटलं, निदान पाटी तरी खरी आहे. ती उठून गेली. वादात मी जिंकलो.

१५ मार्च, रविवार.

मांजर: एकतीस हजार.

पुन्हा बघितलं. बत्तीस.

आंघोळ विसरलो. साडूला फोन केला. निमित्त टोमॅटोंना खत कुठलं घालतोस. त्याने पंधरा मिनिटं खताबद्दल सांगितलं, मग मी सहज बोलता बोलता आकडा सांगितला. तो मनापासून खूश झाला, हे मला फारसं आवडलं नाही. मांजर कुठली, म्हणाला. मी म्हटलं, ओळखीतली आहे. एव्हाना मी तिला किमान ऐंशी वेळा बघितलेलं आहे, त्यामुळे हे खोटं नाही.

बायकोनेही व्हिडिओ बघितला. मांजर गोड आहे म्हणाली. चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. भारावली असावी.

१८ मार्च, बुधवार.

ज्या कंपनीच्या साइटवर व्हिडिओ टाकतो, तिच्याकडून मेल आली. विषय: कॉपीराइट स्ट्राइक.

दोन आठवड्यांत कंपनीने माझी दखल घेतली. साडूला इतकी वर्षं टोमॅटो पिकवून एकही स्ट्राइक मिळालेला नाही. शोरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. बिलिंगच्या मुलीने अभिनंदन केलं. प्लंबरने ‘पार्टी कधी?’ विचारलं.

संध्याकाळी कन्येने अर्थ सांगितला. स्ट्राइक म्हणजे तक्रार. मांजरीच्या मालकिणीने केलेली. व्हिडिओ काढून टाकला आहे. असे तीन झाले की चॅनेल बंद.

म्हणजे अजून दोन शिल्लक आहेत.

१९ मार्च, गुरुवार.

मालकिणीला मी उदार मनाने लिहिलं होतं की माझ्यामुळे तुमच्या मांजरीचं नाव झालं, तक्रार मागे घ्या, मी काही मनात ठेवणार नाही. आज उत्तर आलं. त्या पियानो शिकवतात. लिहिलंय की मांजर गेल्या वर्षी गेली. दोघींचं एकत्र वाजवणं तेवढंच रेकॉर्ड झालेलं होतं. त्यावर कुणाचंतरी हसणारं तोंड डकवलेलं बघून त्यांना फार वाईट वाटलं.

ते तोंड माझं आहे हे कळवलं नाही.

दुपारी एका जोडप्याला टब दाखवताना मधेच गप्प झालो. त्यांनी टब घेतला. का घेतला, ते अजून नीटसं समजलेलं नाही.

२१ मार्च, शनिवार.

संकल्प: यापुढे फक्त ओरिजिनल. (संगीत सोडून. संगीत मागे वाजतं, आणि मागे जे वाजतं ते कुणाचंच नसतं.)

नवा विषय: ‘संयम’. अडचणी दोन. एक, माझ्या फोनची मेमरी भरली आहे. सगळं अभ्यासाचं साहित्य, लोकांचे उतरवून घेतलेले व्हिडिओ. पुसवत नाही. दोन, फोन ठेवायच्या स्टँडचा पाय मोडला. बायकोला फोन धरशील का विचारलं. तिने मी काय विचारतोय ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग ‘नाही’ म्हणाली.

उपाय सुचला. सासूबाईंचा गुडघा. त्यासाठी मंगळवारी-शनिवारी त्यांना शोरूमसमोरच्या फिजिओथेरपिस्टकडे सोडतो. लवकर निघालो तर आधी अर्धा तास मिळतो. त्यांचा फोन रिकामा आहे आणि त्याही. विचारलं. म्हणाल्या, मला जमेल का? मी म्हटलं, यात जमण्यासारखं काही नाहीच. फोन धरायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही. कला सगळी समोर उभ्या माणसाची.

२४ मार्च, मंगळवार. दुपारी, मुलांच्या गणवेशासारख्या दिसणाऱ्या उसन्या कपड्यांत.

घडलं ते क्रमाने लिहितो. नंतर लोक तिखटमीठ लावतील.

काल प्लंबरने चार नंबरच्या बाथरूमला पाणी जोडलं. आज एक बिल्डर शॉवर चालवून बघायला येणार होता. मॅनेजरबाईंनी हे कालच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली अभ्यास करत होतो.

सकाळी सासूबाई समोर स्टुलावर. फोन दोन्ही हातांनी धरलेला. मी शॉवरखाली. सूट, टाय. ‘मित्रांनो,’ मी म्हटलं, ‘परिस्थिती कशीही असो, माणसाचा स्वतःवर ताबा हवा,’ आणि ‘ताबा’ या शब्दावर हात जोरात बाजूच्या खटक्यावर ठेवला.

वरून पाणी आलं. गार. बंद करायला खटका उलटा फिरवला तर बाजूच्या भिंतीतून फवारे सुटले, सहा. हे फवारे मी आजवर शेकडो गिऱ्हाइकांना ‘हळुवार’ म्हणून विकलेत. तसे ते नाहीत. आधारासाठी टॉवेलची दांडी धरली. नमुन्याची दांडी, चिकटपट्टीवर लावलेली. ती हातात आली. दांडीसकट मागे सरकलो आणि कमोडवर बसलो.

इथे मला एक गोष्ट आवर्जून नोंदवायची आहे. मी बोलायचं थांबलो नाही. कमोडवर बसून, डोळ्यांवरून पाणी निथळत असताना, दांडी मांडीवर आडवी धरून मी वाक्य पूर्ण केलं: ‘आणि हा ताबा सरावाने येतो.’

तेवढ्यात दिसलं की सासूबाईंचा फोन हलतोय. वाटलं, गुडघ्यात कळ आली. तोंडाला पदर लावून वाकल्या होत्या. मग आवाज आला. आधी बारीक, मग थांबेचना. श्वास अडकायचा, पुन्हा उसळायचा. दोन वर्षांत हा आवाज घरात ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला. त्या हसत होत्या.

पाणी लाकडी फरशीच्या नमुन्यांपर्यंत गेलं. नमुने फुगले. मॅनेजरबाई आल्या, बघितलं, आणि फार हळू आवाजात म्हणाल्या की संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा द्या. प्लंबरने त्याचा जादा ड्रेस दिला. तो प्लंबर माझ्यापेक्षा बराच लहान आहे.

सासूबाईंना सांगितलं, ते रेकॉर्डिंग पुसून टाका. ‘बघते’ म्हणाल्या.

२७ मार्च, शुक्रवार.

शिंका. ताप नाही.

शोरूममध्ये शिरलो तर बिलिंगची मुलगी टेबलावर डोकं टेकून हसत होती. प्लंबरने फोन दाखवला. मी. कमोडवर. दांडीसकट.

कन्येने टाकलाय. सासूबाईंच्या नावाने चॅनेल उघडून, सासूबाईंना विचारून. संध्याकाळपर्यंत दोन लाख लोकांनी बघितलं.

आधी संतापलो. मग आकडा पुन्हा वाचला. दोन लाख. साडू आता क्षितिजावर ठिपका आहे.

प्रतिक्रिया सगळ्या वाचून काढल्या. ‘हे हसणं ऐकून दिवस चांगला गेला.’ ‘आमच्या आजीची आठवण आली.’ ‘हसणाऱ्या बाई कोण आहेत?’ ‘पंधरा वेळा ऐकला.’ पुरुषाबद्दल थोडंच आहे. पण मोठ्या अभिनेत्याबद्दल लोक थेट बोलत नाहीत, त्याचा परिणाम सांगतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. हा व्हिडिओ माझा आहे. चेहरा माझा. आवाज माझा. सूट माझा. सर्दीसुद्धा माझी.

२९ मार्च, रविवार.

सबंध सकाळ एडिटिंग. सासूबाईंच्या चॅनेलवरून व्हिडिओ उतरवून घेतला आणि त्याचं सोनं केलं. हसण्याचा व्यत्यय आवाज बंद करून काढला. पडण्याचा भाग कापला. उरलेल्यावर एक अतिशय गंभीर व्हायोलिन घातलं, कुणीतरी वाजवलेलं. आता असं दिसतं की एक माणूस कोरडा बोलतोय, आणि लगेच पुढच्या क्षणी ओला बोलतोय. मधलं प्रेक्षकाने समजून घ्यायचं. शीर्षक: ‘संयम: मूळ आणि अधिकृत’.

मग कंपनीला तक्रार केली की सासूबाईंच्या चॅनेलवर माझी कलाकृती विनापरवानगी आहे. घरातलं माणूस आहे, वाईट वाटलं. पण हक्क म्हणजे हक्क.

३० मार्च, सोमवार.

‘मूळ आणि अधिकृत’ बेचाळीस लोकांनी बघितला. एकच प्रतिक्रिया: ‘हसणं कुठे गेलं?’

सासूबाईंचा: सहा लाख.

संध्याकाळी मेल. दुसरा स्ट्राइक. व्हायोलिनवाला हयात आहे आणि वाजवलेलं त्याचंच आहे म्हणे.

३१ मार्च, मंगळवार. जेवणानंतर लगेच.

आजचं जेवण लक्षात राहील.

कंपनीने सासूबाईंना कळवलं की तुमच्या व्हिडिओवर कुणीतरी मालकी सांगतंय. कोण, तेही कळवलं. कन्येने ते टेबलावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. बायकोने सूपची पळी भांड्यात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ती बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मी बाजू मांडली. चेहरा, आवाज, सूट, सर्दी. मुद्देसूद. लेखन, दिग्दर्शन, अभिनय सगळं माझं, नुसतं बटण दाबायला कुणी बसलं म्हणून का त्याची मालकी होते? पाणी पडण्याची कल्पना तुझी होती का, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, नव्हती, पण मी ती निभावली.

कन्या म्हणाली, “बाबा, ते तू केलेलं नाहीस. ते तुझ्या बाबतीत घडलंय.”

मी सूप पीत राहिलो.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, “जावईबापू, तुमचं भाषण तुमचंच आहे. ते पाहिजे तर मी परत देते. पण फोन मी धरला होता. आणि हसले मी होते. ते तुम्ही पुसलंत.”

आवाज चढवला नाही. तक्रार म्हणून नव्हे, साधं सांगावं तसं. मला वाटतं या घरात आल्यापासूनचं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं. मग त्यांनी सांगितलं की सासरे गेल्यावर आपल्याला वाटलं होतं, आता हसू येणार नाही. त्या दिवशी आलं तेव्हा त्याच घाबरल्या. घरी येऊन स्वतःचंच हसणं पुन्हा पुन्हा ऐकलं, आपलंच आहे ना हे बघायला.

कन्येने विचारलं, आजी, आपणही तक्रार करायची का, बाबाने तुझा व्हिडिओ उचललाय. बटण दाबलं की झालं. मी सासूबाईंकडे बघितलं. जावई म्हणून काही किंमत असेल असं वाटलं.

“दाब,” सासूबाई म्हणाल्या. “आणि सूप वाढ त्यांना, सर्दी आहे.”

१ एप्रिल, बुधवार.

तिसरा स्ट्राइक. चॅनेल बंद. लावायचा प्रयत्न केला तर करडा चौकोन दिसतो. माझ्या सगळ्या कष्टांवर पाणी पडलं. हे वाक्य सवयीने लिहिलं, पण तसंच ठेवतो.

बरंच झालं. माध्यम माझ्यासाठी उथळ होतं.

सासूबाईंवरची तक्रार मी स्वतःहून मागे घेतली. कन्या शेजारी उभी होती, पण स्वतःहून.

दुपारी फोनमधलं अभ्यासाचं साहित्य पुसत बसलो. गालिचे गेले. मांजरीपाशी थांबलो. एकदा बघितली, माझ्या चेहऱ्याशिवायची, सुलटी. बाई सूर वाजवतात आणि वाट बघतात. मांजर वेळ घेते. मग दाबते. यात संदेश नाही असं मी म्हटलं होतं. पुसली, आणि त्या बाईंना दोन ओळी लिहिल्या की ते तोंड माझं होतं, चूक झाली. ‘मित्रांनो’ वगैरे काही लिहिलं नाही.

६ एप्रिल, सोमवार.

नोकरीचं संकट. खुलाशात मी पाण्याचा दाब, चिकटपट्टीचा दर्जा आणि मीटिंगची वेळ या तिघांना जबाबदार धरलं होतं. मॅनेजरबाईंनी आत बोलावून सांगितलं की मालक चिडलेत, नव्या महिन्यापासून तुम्ही येऊ नका असं ठरतंय. ‘ठरतंय’ म्हणजे अजून ठरलेलं नाही, हा धागा मी पकडून ठेवला.

बायकोला सांगितलं. मला वाटलं, आता सगळं ऐकवेल. तिने चहा केला आणि माझ्या शेजारी बसून राहिली. ते जास्त अवघड गेलं.

१० एप्रिल, शुक्रवार.

चमत्कारिक प्रकार. गेले चार दिवस शोरूममध्ये गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, तो आजीवाला शॉवर दाखवा. मी दाखवायला गेलो की माझ्याकडे बघून आधी हसतात, मग घेतात. एका बाईंनी माझ्यासोबत फोटो काढला आणि दांडी हातात धरायला लावली.

१२ एप्रिल, रविवार.

आज सकाळी मॅनेजरबाई चक्क आमच्या घरी. केक घेऊन. मी स्वागताला पुढे झालो, तर त्या माझ्या बाजूने वळसा घालून खिडकीपाशी गेल्या. शोरूमच्या मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ दाखवायचा आहे, आपली परवानगी मिळेल का, असं सासूबाईंना विचारलं. चक्क विचारलं. व्हिडिओ तर त्यांच्या फोनवर होताच, उचलता आला असता.

सासूबाईंनी मला चहा करायला आत पाठवलं. दार लोटून दोघींचं काहीतरी बोलणं झालं. चहा घेऊन आलो तेव्हा मॅनेजरबाई ‘बरं, तुमच्या शब्दाखातर’ असं म्हणत होत्या. कशाबद्दल ते समजलं नाही. सासूबाई केक कापत होत्या आणि बायको रुमालाने डोळे पुसत होती. हिला सर्दी माझ्यामुळे झाली असणार.

१३ एप्रिल, सोमवार.

नोकरी पक्की. मॅनेजरबाईंनी सकाळी स्वतः सांगितलं. मालकांचं मत बदललं म्हणे. वर ‘घरी सासूबाईंना नमस्कार सांगा’ असंही म्हणाल्या, का कोण जाणे. शेवटी माणसाचं काम बोलतं.

घरी सांगितलं. बायको सासूबाईंकडे बघून हसली, सासूबाई फोनकडे. दोघी काहीतरी लपवताहेत. बहुधा माझ्यासाठी पार्टी.

१६ एप्रिल, गुरुवार.

साडूचा फोन. मी म्हटलं, बोल. म्हणाला, आईंना दे. टोमॅटोंच्या व्हिडिओत त्यांनी नुसतं बसावं, आणि जमलं तर हसावं, अशी त्याची विनंती. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की या महिन्यात जमणार नाही, हातात काम आहे.

फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, कसलं काम? म्हणाल्या, दुसरा व्हिडिओ करायचाय. लोक मागतायत. मॅनेजरबाईंनी रविवारी शोरूम द्यायचं कबूल केलंय. प्लंबर येणार आहे.

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग पुन्हा सुलटं केलं. समोर कोण असणार, हे विचारणं मला शोभलं नसतं.

“तुम्ही मोकळे आहात का?” सासूबाईंनी विचारलं.

बघावं लागेल, म्हटलं. मग लगेच ‘हो’ म्हटलं.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी, निघायच्या आधी.

पुनरागमन.

पहाटेपासून जागा आहे. दाढी दोनदा केली. सूट इस्त्री करून आणला. कन्येने एक कागद आणला: माझा चेहरा आणि आवाज वापरायला माझी हरकत नाही, खाली सही. मी म्हटलं, घरातल्या घरात हे कशाला? सासूबाई म्हणाल्या, विचारायचं असतं. सही करताना पेन जरा ऐटीत धरलं. मोठे कलाकार अशाच सह्या करत असतील.

काल सबंध दिवस खपून नवं भाषण लिहिलंय: ‘संकटात स्थिर कसं राहावं’. माझं स्वतःचं, एकही शब्द उचललेला नाही. आत्ता ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चांगलं आहे म्हणाल्या. जपून ठेवा म्हणाल्या.

मग चप्पल घालता घालता म्हणाल्या, “आज बोलायचं काही नाही हं. तुम्ही नुसतं उभं राहायचं. पाणी केव्हा सोडायचं ते मी बघते.”

बॅगेतून भाषण काढलं. टॉवेल भरला.